पावसाला दुसरी तारीख, गुडघ्याला का नाही?

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत दुखापत झालेल्या उमेदवारांना एक राखीव तारीख मिळण्याबाबत

महोदय,


१९ जून २०२४ रोजी राज्यात पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू झाली, तेव्हा १७,४७१ पदांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते आणि पावसाळा सुरू झाला होता. मैदानांचा चिखल होणार हे सांगायला हवामान खात्याची गरज नव्हती. ओरड झाली, आणि शासनाने जाहीर केलं की जिथे पावसामुळे चाचणी घेता येणार नाही, तिथल्या उमेदवारांना पुढची तारीख मिळेल. एकाच उमेदवाराच्या दोन पदांच्या चाचण्या एका दिवशी आल्या, तर त्यालाही वेगळी तारीख देण्याची सोय झाली. दोन्ही निर्णय योग्य होते. पावसाने तारीख पुढे गेलेल्यांवर मेहेरबानी झाली असं तेव्हा कोणी म्हटलं नाही, कारण त्या निर्णयामागचं तत्त्व सगळ्यांना पटणारं होतं: चाचणी उमेदवाराच्या कुवतीची आहे, त्या दिवसाच्या नशिबाची नाही. हेच तत्त्व गुडघ्यालाही लावावं, एवढंच मागण्यासाठी हे पत्र आहे. ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, आठ दिवस आधी ज्याची गुडघ्याची वाटी दुखायला लागली त्याच्यापुढे आज दोनच वाटा आहेत. गोळी गिळून धावायचं, नाहीतर घरी बसायचं. आणि ही दुखापत कुणाच्या निष्काळजीपणाने होते असं मानायचं असेल, तर त्या निष्काळजीपणाचा बराचसा वाटा भरतीच्या वेळापत्रकाचा आहे, हे मला पुराव्यानिशी मांडायचं आहे.

आधी चाचणीचं गणित. शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण धावण्याचे, पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर; १०० मीटर आणि गोळाफेक यांचे प्रत्येकी १५. 'सोळाशे' ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत मारलं की भरतीच्या पोरांच्या भाषेत 'आउट ऑफ', म्हणजे वीसपैकी वीस. त्यापुढे साधारण दर वीस सेकंदांना दोन गुण गळतात. ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे चारशे मीटरचा एकेक राऊंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, तसे सलग चार. ताशी साडेअठरा किलोमीटर. निवांत सायकल चालवणारा माणूस याहून हळू जातो. मेरिट एकेका गुणावर लागतं, त्यामुळे साडेपाच मिनिटांत सोळाशे मारणारा तरुण, जो कुठल्याही तालुक्यातल्या शाळेत गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात चपळ मुलगा ठरला असता, तो समाधानी नसतो. त्याला ते वीस सेकंद हवे असतात. गुडघे जातात ते बहुतेक वेळा या शेवटच्या वीस सेकंदांच्या पाठलागात. त्यातच जो शिपाई पदाबरोबर राज्य राखीव पोलीस दलाचाही (एसआरपीएफ) अर्ज भरतो त्याला ५ किलोमीटरची तयारी करावी लागते, आणि सैन्याचा किंवा केंद्रीय दलांचा नाद असेल तर आणखी वेगळं अंतर, वेगळा वेळ. गुडघे मात्र तेच दोन.

या गुडघ्यात होतं काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली सरकते. धावताना पाऊल टेकलं की गुडघा वाकतो, मांडीचे स्नायू आवळले जातात आणि वाटी त्या खाचेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोराने दाबली जाते. एका दहा किलोमीटरच्या धावण्यात हे प्रत्येक गुडघ्याला चार-पाच हजार वेळा होतं. सवय असेल तर गुडघा ते बिनतक्रार सोसतो. सवयीपेक्षा जास्त झालं की वाटीच्या मागे किंवा भोवती दुखू लागतं. जिना उतरताना, उकिडवं बसताना, एसटीत तीन तास पाय दुमडून बसल्यावर जास्त. धावपटूंच्या दुखापतींत गुडघा सगळ्यात वर असतो आणि गुडघ्याच्या दुखापतींत हे वाटीचं दुखणं. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये दोन हजार धावपटूंच्या दुखापतींची छाननी प्रसिद्ध केली, तिच्यातही पहिला नंबर याचाच होता, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. दुसरा मान गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला चमक मारणाऱ्या दुखण्याचा. या दोन्हींत काही तुटलेलं, फाटलेलं नसतं. झेपेल त्यापेक्षा जास्त वजन एकदम चढवलेल्या बैलासारखी ही स्थिती असते. बैल आजारी नसतो, बैलगाडी भरणाऱ्याचं चुकलेलं असतं.

'एकदम' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. डेन्मार्कमध्ये ८७४ नवशिक्या धावपटूंचा वर्षभर मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ज्यांनी आठवड्याचं अंतर तीस टक्क्यांहून जास्त वाढवलं, त्यांच्यात वाटीचं दुखणं, बाहेरच्या कडेचं दुखणं आणि त्याच जातीच्या दुखापती दहा टक्क्यांच्या आत वाढवणाऱ्यांपेक्षा जास्त आढळल्या. २०२५ मध्ये पाच हजार दोनशेहून जास्त धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासाने हे चित्र आणखी स्पष्ट केलं. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका दिवसाचं धावणं घात करतं, असं तिथे दिसलं. गेल्या तीस दिवसांतल्या सर्वात लांब धावण्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त अंतर एका दिवसात मारलं की दुखापतीचा धोका वाढतो, आणि ते अंतर दुपटीच्या वर गेलं तर धोकाही दुपटीच्या वर जातो. धावणं गुडघ्याचा शत्रू आहे, हे आपल्याकडे घरोघरी ऐकवलं जाणारं मत या पुराव्यात बसत नाही. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. त्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघा किंवा खुब्याची झीज साडेतीन टक्के लोकांना आढळली, बसून राहणाऱ्यांत दहा टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना, आणि व्यावसायिक पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत तेरा टक्क्यांहून जास्त लोकांना. म्हणजे बेताने धावणाऱ्याचा गुडघा खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा बरा निघाला, आणि अतिरेक करणाऱ्याचा दोघांपेक्षा वाईट.

आता महोदय, असा प्रश्न येतो की ही पोरं एकदम का वाढवतात? मूर्ख आहेत म्हणून? मला तसं वाटत नाही. आपल्या भरतीचा इतिहास पाहा. २०१९ च्या जाहिरातीची परीक्षा २०२१ मध्ये झाली. मध्ये करोना होता, मान्य. पुढची जाहिरात नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाली, अर्जांची मुदत वाढून डिसेंबरच्या मध्यापर्यंत गेली आणि २ जानेवारी २०२३ पासून मैदानं सुरू झाली. जाहिरातीपासून ग्राउंडपर्यंत दोन महिनेही नाहीत. त्यानंतरची भरती मार्च २०२४ च्या जाहिरातीची, मध्ये लोकसभेची निवडणूक, आणि मैदान जूनच्या पावसात. अशा वेळापत्रकात वावरणाऱ्या तरुणाने काय करावं? वर्षभर पूर्ण जोराने सराव ठेवायचा तर अकॅडमीची फी, खाणावळीचं बिल आणि घरच्यांचं 'अजून किती दिवस' हे तिन्ही वर्षभर चालू ठेवावं लागतं. त्यामुळे मधल्या काळात तो शेतात, गॅरेजमध्ये, पार्सल पोहोचवण्याच्या कामावर जातो, आणि जाहिरात निघाली अशी बातमी मोबाईलवर आली की दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला रस्त्यावर येतो. खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षांची वयोमर्यादा आहे. पुढची भरती कधी निघेल हे कोणालाच माहीत नसल्याने, जो सव्वीस-सत्तावीसचा आहे त्याच्यासाठी ही प्रत्येक भरती शेवटची असते. सहा महिन्यांचं काम सहा आठवड्यांत करण्याशिवाय त्याच्यापुढे पर्याय नाही. त्यात शरीराची एक गंमत आड येते. हृदय आणि फुप्फुसं तीन-चार आठवड्यांत सुधारतात, दम वाढतो, मुलाला वाटतं आता जमतंय. हाडं, कुर्चा आणि स्नायूबंध त्यांच्या मागून रखडत येतात, त्यांना महिने लागतात. दम आला आणि पाय मागे राहिले, हीच ती फट जिच्यात गुडघा सापडतो. ही फट शासनाच्या जाहिरातीच्या तारखेने रुंद होते किंवा अरुंद होते.

यावर पहिला आक्षेप येईल तो अकॅडम्यांचा. खेड्यापाड्यांत, तालुक्याच्या बाहेर शेडमध्ये निघालेल्या खासगी अकॅडम्या पन्नास-साठ पोरांना एका रांगेत, एका वेगाने पळवतात. कोण आठवड्यापूर्वी आला आणि कोण दोन वर्षांपासून आहे याचा विचार क्वचितच होतो. हा आक्षेप खरा आहे. पण अकॅडमी तरी कुठल्या कॅलेंडरवर चालते? जाहिरातीपासून ग्राउंडपर्यंत सात आठवडे मिळाले तर शिकवणारा सात आठवड्यांचंच ताट वाढणार. दुसरा आक्षेप बुटांचा आणि डांबराचा. पोरं साध्या बुटांत डांबरी रस्त्यावर पळतात म्हणून गुडघे जातात, असं सर्रास बोललं जातं. अमेरिकेच्या भूदल, मरीन दल आणि हवाई दल या तिन्ही ठिकाणी भरती झालेल्या जवानांवर प्रयोग झाले. काहींना तळपायाच्या कमानीच्या आकारानुसार निवडून बूट दिले, काहींना सरसकट एकच बूट. दुखापतींत फारसा फरक पडला नाही. चांगला बूट नको असं मी म्हणत नाही, पण आठ हजारांचा बूट सात आठवड्यांचे सहा महिने करू शकत नाही. रस्त्याचा धोका खरा आहे, तो वेगळ्या कारणाने: पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने पळणाऱ्या पोरांना वाहनांचं भय असतं. तालुका क्रीडा संकुलांचं आणि शाळांच्या मैदानांचं फाटक पहाटे साडेचारला उघडं राहील, एवढा आदेश निघाला तरी खूप झालं.

तिसरा आक्षेप अभ्यासूंचा असेल, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. नेदरलँड्समध्ये ५३२ नवशिक्यांची दोन गटांत विभागणी करून एक प्रयोग झाला होता, २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एका गटाने आठ आठवड्यांत तयारी केली, दुसऱ्याने तेरा आठवड्यांत हळूहळू वाढवत. दोन्ही गटांत दुखापतीचं प्रमाण जवळपास सारखंच, वीस टक्क्यांच्या आसपास. मग वेळ जास्त दिल्याने काय साधणार? माझं उत्तर असं की तो प्रयोग साडेसहा किलोमीटरच्या आरामशीर धावण्याच्या तयारीचा होता. दोन्ही कार्यक्रम बेताचे होते, त्यात बेताल उडी कोणीच मारत नव्हतं, आणि ५ मिनिटे १० सेकंदांचा पाठलाग तर नव्हताच. 'आठवड्याला दहा टक्के' हा मंत्र दैवी नाही, एवढं त्यातून सिद्ध होतं आणि ते मान्य करावं. उडी सुरक्षित आहे, असं त्यातून निघत नाही. याच्या जोडीला अमेरिकेच्या मरीन दलातला नव्वदच्या दशकातला अनुभव ठेवा. तिथे जवानांच्या तीन तुकड्यांना पायाभूत प्रशिक्षणात वेगवेगळं अंतर पळवलं: पहिलीला एकूण ८८ किलोमीटर, तिसरीला ५३. ताणामुळे हाडाला तडा जाण्याचं प्रमाण पहिल्या तुकडीत शंभरात ३.७ होतं, तिसरीत १.७. अंतर चाळीस टक्क्यांनी कमी, तडे निम्म्याहून कमी. आणि तीन मैलांच्या धावण्याचा वेळ घसरला तो अवघा तीन टक्के. हा अभ्यास हाडाचा आहे, वाटीचा नाही. तरी ताणाचं गणित एकच. इथे मी प्रामाणिकपणे हेही नोंदवतो की सोळाशे मीटरमध्ये तीन टक्के म्हणजे नऊ सेकंद, आणि नऊ सेकंदांनी भरतीत गुण जाऊ शकतो. पण गुडघा धरून मैदानाबाहेर बसलेल्याचे वीसच्या वीस जातात.

आता दुखापत झाल्यावरचं बोलू. आज गावाकडे होतं काय? पहिल्या दिवशी बाम आणि क्रेप बँडेज. दुसऱ्या दिवशी नी कॅप. मग 'गुडघ्यात गॅप पडलाय' असं कोणीतरी सांगतं आणि मुलगा पूर्ण विश्रांती घेतो किंवा एमआरआयसाठी पैसे जुळवायला लागतो. पंधरा दिवस अंथरुणावर काढले की दुखणं थांबतं, तो पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने धावतो आणि आठवड्यात पुन्हा लंगडतो. शेवटी ग्राउंडच्या दिवशी पेनकिलर किंवा सांध्यात इंजेक्शन. यातली जवळपास प्रत्येक पायरी पुराव्याच्या उलट आहे. एमआरआयचंच घ्या: लंडनमध्ये गुडघ्याची कसलीही तक्रार नसलेल्या ११५ माणसांचे २३० गुडघे तपासले, तर ९७ टक्के गुडघ्यांत काही ना काही 'दोष' दिसला. बहुतेक जण चाळिशीच्या पुढचे होते हे खरं. तरी फोटोतला दोष म्हणजे दुखण्याचं कारण, असं मानण्यात किती धोका आहे ते यातून कळतं. बर्फ-विश्रांतीचा जो मंत्र आपण डोळे झाकून म्हणतो, तो १९७८ मध्ये मांडणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी स्वतःच पुढे लिहून टाकलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबूही शकतं. पूर्ण विश्रांतीत मांडी सुकते, आणि सुकलेली मांडी वाटीला सांभाळत नाही. तहानलेल्या शरीरात पेनकिलर घेऊन जिवाच्या आकांताने धावणं मूत्रपिंडाला घातक, हे तर कोणताही डॉक्टर सांगेल.

याउलट जे लागू पडतं ते फारच साधं आहे, इतकं साधं की भरतीच्या जाहिरातीबरोबर एका पानावर छापता येईल. कॅनडातच २०१८ मध्ये वाटीचं दुखणं असलेल्या ६९ धावपटूंचे तीन गट केले. एकाला फक्त ताण कसा सांभाळायचा ते शिकवलं, दुसऱ्याला त्यासोबत व्यायाम दिले, तिसऱ्याला त्या शिकवणीसोबत पाऊल टाकण्याची पद्धत सुधारून दिली. तिन्ही गट सुधारले, आणि त्यांच्या सुधारण्यात एकमेकांपेक्षा लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे सगळ्यात मोठं औषध समज होतं. काय शिकवलं होतं त्यांना? धावणं बंद करू नका, तोडून तोडून धावा, थोडं आणि वारंवार. धावताना दुखणं दहापैकी दोनच्या वर जाऊ देऊ नका, आणि थांबल्यावर तासाभरात ते पूर्वपदावर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी कमी करा. आधी अंतर परत मिळवा, वेग सगळ्यात शेवटी. उतार आणि जिने काही दिवस टाळा. पावलं आखूड आणि जलद टाका: पावलांची गती दहा टक्क्यांनी वाढवली की वाटीवरचा दाब साधारण चौदा टक्क्यांनी उतरतो, असं मोजून पाहिलेलं आहे. मांडी आणि नितंबांचे स्नायू घट्ट करा. गावच्या तालमीतल्या बैठका, सुरुवातीला अर्ध्याच वाकून, यासाठी कुठल्याही मशीनपेक्षा कमी नाहीत. आणि या पानावर ठळक अक्षरांत एक ताकीद हवीच. पाय मुरगळून गुडघा लगेच सुजला, अडकून बसला, उभं राहताना दगा देऊ लागला, किंवा हाडावर बोट ठेवताच एकाच जागी जीव जाईल असं दुखलं, रात्री झोपमोड झाली, तर हे पान बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. तो ताणाचा गुडघा नव्हे, ते प्रकरण वेगळं. बाकीच्यांना, म्हणजे बहुतेकांना, सहा ते आठ आठवडे शिस्तीने मिळाले तर सुधारणा होते. आणि नेमके तेच आठवडे आपल्या भरतीत नाहीत.

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक पोलीस घटकातली, म्हणजे जिल्ह्यातली किंवा आयुक्तालयातली, मैदानी चाचणी संपल्यावर, लेखी परीक्षेच्या आधी, एक राखीव आठवडा ठेवावा. प्रत्येक उमेदवाराला आयुष्यात नव्हे, त्या भरतीत एकदाच, चेस्ट नंबर घेण्यापूर्वी अर्ज करून आपली तारीख त्या आठवड्यात हलवता यावी. कारण विचारू नये, प्रमाणपत्र मागू नये. हे वाचताच आपले अधिकारी म्हणतील की मग सगळेच तारीख पुढे नेतील. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण भरतीच्या रचनेतच आहे. २०२२ पासून मैदान आधी आणि लेखी नंतर, असा क्रम आहे. जो मैदान उशिरा देईल त्याला शंभर गुणांच्या लेखीला अभ्यासाचे दिवस कमी मिळतील. ही किंमत गरजू देईल, हौशी देणार नाही. प्रमाणपत्राची अट घातली तर मात्र खोट्या दाखल्यांचा बाजार उभा राहील, हे सांगायला मी नको. दुसरं, उशिराच्या तारखेमुळे सरावाला जास्त दिवस मिळतात हा अन्याय, असं कोणी म्हटलं तर त्याला विचारावं की आज एकाच जिल्ह्यात पहिल्या दिवशी धावणारा आणि शेवटच्या दिवशी धावणारा यांच्यात कित्येक आठवड्यांचं अंतर पडतं, ते अन्यायाचं कोणाला वाटलं? वेळापत्रक लांबेल हा आक्षेपही टिकत नाही. २०२३ मध्ये मैदान २ जानेवारीला सुरू झालं आणि मुंबईबाहेरच्या घटकांची लेखी परीक्षा २ एप्रिलला झाली. मध्ये तीन महिने होते, त्यात एक आठवडा सहज मावतो.

एक आक्षेप उरतो, आणि तो खाकी वर्दीतून येईल: पोलीस कणखर हवा, दुखलं म्हणून दुसरी तारीख मागणारा दंगलीत काय करणार? यावर माझं म्हणणं असं की आजची पद्धत कणखर माणूस निवडत नाही, नशीबवान माणूस निवडते, आणि त्यात भर म्हणजे गोळी खाऊन धावणारा निवडते. धावण्याच्या दुखापतीची सगळ्यात भरवशाची पूर्वसूचना कोणती, तर आधी झालेली दुखापत. गोळीवर सोळाशे मारून आत आलेला मुलगा प्रशिक्षण केंद्राच्या कवायतीच्या मैदानावर तोच गुडघा घेऊन येतो, तिथे परेड आणि दौड सुरू होते, आणि मग त्याच्या सुट्या, उपचार आणि हलकं काम यांचा खर्च सरकारच उचलतं. वेळ देऊन बरा झालेला माणूस खात्याला स्वस्त पडतो. आणि उमेदवाराच्या शरीराची अडचण ओळखून तारीख पुढे ढकलणं हे कणखर दलांना नवीन नाही. केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीत गरोदर उमेदवाराला तात्पुरतं अपात्र ठरवून प्रसूतीनंतर पुन्हा बोलावतात. दल त्याने मऊ झालं नाही. झारखंडात २०२४ मध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत एका तासात दहा किलोमीटर धावायला लावलं, दहाहून जास्त तरुण मेले, आणि मग शासनाला ती चाचणीच बदलावी लागली. आपल्याला त्या वळणावर जायचं नाही.

राखीव आठवड्याखेरीज आणखी एक गोष्ट जमली तर उत्तम: मैदानाची तारीख किमान चार महिने आधी जाहीर व्हावी, म्हणजे उडी मारण्याची वेळच कमी येईल. निवडणुका, पाऊस, न्यायालयं यांमुळे हे दर वेळी जमणार नाही, याची मला कल्पना आहे. जमेल तेव्हा करावं. राखीव आठवडा मात्र प्रत्येक भरतीत जमण्यासारखा आहे. त्यासाठी कदाचित सेवाप्रवेश नियमांना हात लावावा लागेल, कदाचित नुसत्या परिपत्रकाने भागेल. ते आपले विधी विभागातले लोक सांगतील. पुढच्या जाहिरातीत घालण्यासाठी मजकूर इथेच देतो, म्हणजे कोणाला मसुदा करण्याचे कष्ट नकोत:

'उमेदवारास मैदानी चाचणीची नेमून दिलेली तारीख, चेस्ट नंबर स्वीकारण्यापूर्वी ऑनलाईन अर्ज करून, संबंधित घटकाच्या राखीव आठवड्यात एकदाच बदलून घेता येईल. त्यासाठी कोणतेही कारण अथवा प्रमाणपत्र देण्याची आवश्यकता नाही. राखीव आठवड्यातील तारीख अंतिम राहील.'

कळावे,
महाराष्ट्रातील एक नागरिक